रक्त कितव्या दिवशी घेतलं?

भाचीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. आवाज रडून बसलेला. "मावशी, माझ्यात प्रोजेस्टेरॉनच नाहीये गं. अंडीही संपत आलीत." लग्नाला तीन वर्षं झालेली, वय तेहतीस, मूल हवं म्हणून प्रयत्न सुरू करून आठ महिने. घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबचं 'फर्टिलिटी प्रोफाइल' नावाचं पॅकेज तिने स्वतःच मागवलं होतं. सकाळी नळ्या भरून गेल्या, संध्याकाळी मोबाइलवर सात हार्मोनांचे सात आकडे आले. प्रोजेस्टेरॉन ०.४, एएमएच ०.९, प्रोलॅक्टिन ३४. तीनही आकडे ठळक अक्षरांत.

मी तिला एवढंच विचारलं, "पाळी कधी आली?"

"परवा. का?"

म्हणजे रक्त पाळीच्या तिसऱ्या दिवशी घेतलेलं. तिसऱ्या दिवशी प्रोजेस्टेरॉन ०.४ असायलाच हवं. ते दहा आलं असतं तर मी काळजीत पडले असते. त्या कागदावर आकडा होता, एकक होतं, नळीचा बारकोडही होता. पाळीचा कितवा दिवस, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं आणि छापलंही नव्हतं. आयुष्याची बरीच वर्षं प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या हाताळल्यामुळे मला याचा फार त्रास होतो. बाईच्या शरीरातले यांतले काही हार्मोन दर आठवड्याला वेगळी पातळी गाठतात. दिवस माहीत नसेल तर त्यांचा आकडा वाचणं म्हणजे भरती की ओहोटी हे न विचारता समुद्राची खोली सांगणं.

प्रोजेस्टेरॉनचंच पाहू. अंडाशयातल्या एका फुग्यासारख्या पिशवीत, म्हणजे फॉलिकलमध्ये, स्त्रीबीज वाढतं. पिशवी फुटून ते बाहेर पडलं की मागे राहिलेल्या रिकाम्या पिशवीचा पिवळसर गोळा होतो. त्याला पीतपिंड म्हणतात. प्रोजेस्टेरॉन मुख्यतः हा गोळा बनवतो. बीज बाहेर पडलं नसेल तर गोळा नाही, आणि गोळा नसेल तर प्रोजेस्टेरॉनही जवळजवळ नाही. म्हणून या तपासणीला विचारायचा प्रश्न एकच असतो: या महिन्यात बीज सुटलं का? आणि तो पुढची पाळी यायच्या साधारण सात दिवस आधी विचारायचा असतो. त्या वेळी आकडा ३ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर बीज सुटलं, असं धरतात.

याच तपासणीला बोली भाषेत 'एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन' म्हणतात आणि त्या नावानेच पुष्कळ घोटाळा केला आहे. एकविसावा दिवस अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणारीसाठी ठीक. भाचीची पाळी चौतीस दिवसांनी येते. तिचा दिवस सत्ताविसावा. एकविसाव्या दिवशी रक्त दिलं असतं तर बीज नुकतंच सुटलेलं असतं, आकडा तुटपुंजा आला असता, आणि बीज सुटतच नाही असा शिक्का बसला असता.

बरोबर दिवस साधला तरी त्या आकड्याला फार बारकाईने पिळून काढू नये. पीतपिंड प्रोजेस्टेरॉन सलग सोडत नाही, झटक्याझटक्याने सोडतो. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्त्रियांचं रक्त चोवीस तास दर दहा मिनिटांनी तपासलं. एकाच दिवसात आकडा २.३ पासून ४०.१ पर्यंत फिरलेला दिसला. तेव्हा सकाळी नऊला मिळालेला ८ आणि मैत्रिणीला मिळालेला १६, यांतून कुणाचं गर्भाशय जास्त तयार आहे हे ठरवता येत नाही. बीज सुटलं, एवढंच दोघींना कळलं आणि तेवढं पुरेसं आहे.

तिसऱ्या दिवशी रक्त घेणं मात्र एफएसएचसाठी अगदी योग्य. हा हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो आणि अंडाशयाला सांगतो, की या महिन्याचं बीज वाढवायला घ्या. अंडाशयाने ओ दिली की मेंदूचा आवाज खाली येतो. बीजं कमी उरली असतील तर ओ क्षीण येते आणि मेंदू अधिक जोरात हाका मारू लागतो. म्हणून पाळीच्या सुरुवातीला एफएसएच १० च्या बरंच वर असेल तर साठा आटतोय अशी शंका घेतात. पण एफएसएच कधीही एकट्याने वाचू नये, शेजारी इस्ट्राडायॉल हवंच. एखादं फॉलिकल वेळेआधीच वाढायला लागलं असेल तर ते भरपूर इस्ट्राडायॉल सोडतं आणि त्याने एफएसएच दाबलं जातं. मग कागदावर एफएसएच सहा दिसतं, घरात पेढे आणायची भाषा होते, आणि खरी गोष्ट शेजारच्या ओळीत लपलेली असते. भाचीचं एफएसएच ७ होतं, इस्ट्राडायॉलही योग्य होतं. हे दोन चांगले आकडे तिने पाहिलेही नव्हते, कारण ते ठळक नव्हते.

आता एएमएच. सध्या सगळ्यांत जास्त रडवणारा आकडा हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

या हार्मोनचा शोध स्त्रीच्या वयाशी किंवा अंड्यांशी संबंध नसलेल्या प्रश्नातून लागला. पॅरिसमधले आल्फ्रेड जोस्त १९४० च्या दशकात सशाच्या गर्भांवर प्रयोग करत होते. गर्भ मादीचा असो वा नराचा, सुरुवातीला त्याच्यात गर्भाशय बनवू शकणाऱ्या नलिका असतात. नरात त्या विरून जातात. जोस्त यांनी दाखवलं की हे काम टेस्टोस्टेरॉन करत नाही, वृषणातून येणारा दुसराच कुठला तरी पदार्थ करतो. त्या नलिका म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जात, म्हणून पदार्थाचं नाव अँटी-म्यूलेरियन हार्मोन, एएमएच. तोच पदार्थ मोठ्या स्त्रीच्या अंडाशयातली वाढीला लागलेली छोटी फॉलिकल्सही बनवतात, हे नंतर कळलं.

अंगणात वाळत घातलेलं धान्य बघून कोठारात किती असेल याचा अंदाज बांधावा, तसं एएमएचचं आहे. कोठार ते मोजत नाही. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयात दहा ते वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. साठा घटणं हा आजार नाही, ती आयुष्याची रीत आहे. शिवाय दिवस राहायला महिन्याला एकच चांगलं बीज लागतं. ते चांगलं असेल की नाही हे मुख्यतः वयावर ठरतं, आणि त्याबद्दल एएमएच काहीच बोलत नाही.

याची परीक्षाही झाली आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात ३० ते ४४ वयाच्या ७५० स्त्रियांचा अभ्यास झाला. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या आणि नुकतेच प्रयत्न सुरू केलेल्या या स्त्रिया होत्या. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. एएमएच ०.७ च्या खाली असलेल्यांत सहा पाळ्यांच्या आत दिवस राहण्याची शक्यता ६५ टक्के निघाली, नेहमीसारखं एएमएच असलेल्यांत ६२ टक्के. म्हणजे फरकच नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट सांगितलं, की वंध्यत्वाचं निदान नसलेल्या स्त्रीला तिची प्रजननक्षमता सांगण्यासाठी ही तपासणी वापरू नये. मग ती करायची कशाला? आयव्हीएफ करताना. इंजेक्शनांना अंडाशय किती बीजांनी प्रतिसाद देईल आणि मात्रा किती ठेवावी, हे ठरवायला ती उत्तम आहे. कमी एएमएच असलेल्या बाईने मूल पाच वर्षं पुढे ढकलू नये, हाही सल्ला योग्यच आहे. पण '०.९ आलं म्हणजे मूल होणार नाही' हे वाक्य त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही.

एककही बघा. भाचीच्या लंडनच्या आतेबहिणीचं एएमएच ६.४ आलं होतं आणि त्या तुलनेने ही आणखी खचली. तिकडे पिकोमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे नॅनोग्रॅममध्ये. आपल्या आकड्याला ७.१४ ने गुणलं की त्यांचा मिळतो. ०.९ गुणिले ७.१४ म्हणजे ६.४. दोघी बहिणींचा साठा सारखाच निघाला!

प्रोलॅक्टिन ३४ चं उत्तर तिच्या औषधांच्या डब्यात सापडलं. ॲसिडिटीसाठी ती रोज सकाळी एक गोळी घेत होती आणि तिच्यात डोम्पेरिडोन होतं. आपल्याकडे अशा जोडगोळ्या घरोघरी आहेत. डोम्पेरिडोन आणि लेव्होसल्पिराइड ही पोटाची औषधं, तसंच मनोविकारावरची काही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात. वाढलेलं प्रोलॅक्टिन बीज सुटण्यात अडथळा आणू शकतं, म्हणून हा शोध महत्त्वाचा. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये, मनोविकाराचं तर कधीच नाही. डॉक्टरांशी बोलून पर्याय शोधावा. प्रोलॅक्टिन झोपेत वाढतं, जेवणानंतर वाढतं, सुईच्या भीतीनेही वाढतं. किंचित जास्त आलं तर उठल्यावर दोन-तीन तासांनी, उपाशीपोटी, थोडं शांत बसून पुन्हा रक्त द्यावं. शंभर-दोनशेच्या घरात आकडा गेला तर गोष्ट वेगळी, तेव्हा पिट्युटरीवर छोटी गाठ आहे का ते बघावं लागतं. आणि थायरॉइड मंद असलं तरी प्रोलॅक्टिन चढतं, म्हणून थायरॉइडची तपासणी, म्हणजे टीएसएच, सोबत हवंच.

टीएसएचबाबत एक सावधगिरी फारशी कुणी सांगत नाही. रक्तातले काही हार्मोन तर ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात मोजावे लागतात. एवढं सूक्ष्म मोजण्याची पहिली रीत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये शोधली. यॅलो यांना त्यासाठी १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते. आजच्या अनेक यंत्रांत हार्मोनला पकडण्यासाठी बायोटिनची चिकट जोडी वापरतात. केस गळतात म्हणून तुम्ही बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या घेत असाल तर तुमच्या रक्तातलं बायोटिन त्या जोडीत लुडबुड करतं आणि टीएसएच खोटं कमी दिसू शकतं. गोळी घेत असल्याचं रक्त देताना सांगा. साधारणपणे दोन-तीन दिवस आधी ती थांबवायला सांगतात.

ठळक अक्षरांचंही गणित समजून घ्यायला हवं. 'नॉर्मल' म्हणून छापलेली मर्यादा बहुधा निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांची असते. म्हणजे वीस धडधाकट माणसांतला एक जण त्या रेषेबाहेर जाणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या दहा तपासण्या एकदम केल्या तर निरोगी माणसाचा किमान एक आकडा ठळक येण्याची शक्यता ४० टक्के असते. पॅकेज जितकं मोठं, तितकं भिण्याचं कारण जास्त.

फोन ठेवण्याआधी मी विचारलं, "आणि जावईबापूंची तपासणी?" ती गप्प. आठ महिन्यांत तिच्या रक्ताच्या सात नळ्या गेल्या होत्या, त्याची एकही तपासणी झाली नव्हती. मूल न होण्याची कारणं शोधली तर जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काही ना काही निघतं. वीर्यतपासणी या सगळ्या पॅकेजपेक्षा स्वस्त आहे, सुई नाही, आणि ती पहिल्या फेरीतच व्हायला हवी. तिच्याबाबतही दिवस मोजावे लागतात: शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे आज कमी दिसणारी संख्या दोन महिन्यांपूर्वीच्या जोराच्या तापाची असू शकते. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देत असेल तर तेही विचारा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू एलएच आणि एफएसएच हे पिट्युटरीचे दोन्ही हार्मोन आवरते घेतो आणि शुक्राणू बनणं जवळजवळ थांबू शकतं. अंगावर स्नायू दिसतात आणि वीर्यात काहीच नसतं.

दुसऱ्या दिवशी भाचीने स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढलं. पाळीच्या तारखेवर ती बॉलपेनने बारीक ठिपका देते, आईने लावलेली सवय. मागचे पाच ठिपके मोजून तिने सत्ताविसाव्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलने फुली मारली आणि फोटो मला पाठवला. डॉक्टरीणबाईंनी पोटाची गोळी बदलून दिली. फुलीच्या दिवशी प्रोजेस्टेरॉन ११.८ आलं, प्रोलॅक्टिन १९. जावयांचा रिपोर्टही ठीक होता.

बीज सुटतंय, एवढं आता नक्की झालं. ते ज्या नळीतून गर्भाशयाकडे यायचं ती मोकळी आहे का, हे रक्तातला कुठलाच हार्मोन सांगत नाही. आपल्याकडे क्षयरोगानेही ती बंद झालेली असते. त्यासाठी नळ्यांचा एक्स-रे काढतात, पाळी थांबल्यानंतरच्या दोन-चार दिवसांत. भाचीने त्याही चौकोनात फुली मारून ठेवली आहे, पेन्सिलनेच. तोवर पाळी चुकली तर ती खोडता येईल, म्हणाली.