ब्लेविटचा पिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

नावं आणि नमुने : भाग ७

मागच्या भागात नामकरणाचे नियम पाहिले. पहिला शब्द प्रजातीचा म्हणजे जीनसचा, दुसरा जातीचा म्हणजे स्पीशीजचा, आणि पुढे नाव देणाऱ्याचं नाव व साल. नियम नुसते वाचले की कोरडे वाटतात. म्हणून या आठवड्यात ते एकाच पक्ष्याला लावून बघू. पक्षी आपल्या खानदेशातला आहे: वनपिंगळा. काही जण त्याला रानपिंगळाही म्हणतात.

गावातल्या वडाच्या ढोलीत राहणारा, संध्याकाळी तारेवर बसून चिरचिरणारा पिंगळा सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याचं शास्त्रीय नाव अथेने ब्रामा. डोक्यावर आणि कपाळावर पांढरे बारीक ठिपके ही त्याची खूण. वनपिंगळा त्याच्याएवढाच, पण डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, छातीवर रुंद गडद पट्टा, पोटाचा खालचा मधला भाग पांढरा स्वच्छ, शेपटीवर ठळक पांढरे पट्टे. पाय जाडजूड, पांढऱ्या पिसांनी मढलेले, आणि नख्या अंगाच्या मानाने बऱ्याच मोठ्या. शिवाय हा घुबडाच्या जातीला न शोभणारा प्रकार करतो. पानगळीच्या सागाच्या जंगलात, उन्हं वर आल्यावर, निष्पर्ण फांदीच्या शेंड्यावर उघड्यावर बसतो आणि दिवसाढवळ्या सरडे धरतो.

१८७२ च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लेविट यांनी बसना-फुलझर भागात हा पक्षी मारला. आज तो मुलूख छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात येतो. कातडं गेलं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे. हो, काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात भेटणारे तेच ह्यूम. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी हिंदुस्थानभर पक्षी जमवणाऱ्यांचं जाळं विणलं होतं आणि ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं पक्षिशास्त्राचं नियतकालिक चालवलं होतं. १८७३ साली त्याच नियतकालिकात त्यांनी ब्लेविटच्या पक्ष्याला नाव दिलं: हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी. ग्रीकमध्ये हेटेरो म्हणजे वेगळा आणि ग्लॉक्स म्हणजे घुबड. दुसरा शब्द ब्लेविटच्या मानार्थ. शेवटची वेलांटी ही लॅटिनमधली षष्ठी, ‘ब्लेविटचा’ अशा अर्थाची.

एका कातड्यावरून नुसती नवी जातच नव्हे, अख्खी नवी प्रजातीच उभी करायची, हे धाडसाचं काम होतं. पण त्या काळी ही फॅशनच होती. लिनियसने १७५८ साली सगळी घुबडं स्ट्रिक्स या एकाच प्रजातीत कोंबली होती. पुढच्या शतकात जो तो त्यांच्या वाटण्या करत सुटला. अथेने ही प्रजाती फ्रिडरिश बोई यांनी १८२२ साली वेगळी काढली. तिचं नाव अथेना देवीवरून, कारण युरोपातलं छोटं घुबड हे तिचं वाहन, निदान तिचं चिन्ह तरी.

ह्यूमनंतरच्या अनेक अभ्यासकांना ही नवी प्रजाती पटली नाही. पिंगळ्यासारखा दिसतो, पिंगळ्याएवढा आहे, मग वेगळं घर कशाला? त्यांनी त्याला अथेनेत टाकलं. इथे नियमाची गंमत बघा. ह्यूम यांनी दिलं तेव्हा नाव असं लिहिलं जायचं: हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी ह्यूम, १८७३. अथेनेत गेल्यावर ते झालं: अथेने ब्लेविटी (ह्यूम, १८७३). फरक प्रजातीचा आहेच, पण ह्यूमभोवती कंस पडला आहे. जातीला मूळ नाव देताना ज्या प्रजातीत ठेवलं होतं, तिथून ती हलवली की नाव देणाऱ्याला कंसात घालायचं, असा प्राणिनामकरण संहितेचा दंडक आहे. पक्ष्यांच्या यादीत असे कंस दिसले की समजावं, या पक्ष्याने घर बदललेलं आहे. ‘ब्लेविटी’ हा शब्द मात्र कोणी हलवू शकत नाही. आधी दिलेलं नाव खरं, हा अग्रक्रमाचा नियम त्याला बांधून ठेवतो. पहिला शब्द हे मत असतं, दुसरा दस्तऐवज.

आणि दस्तऐवज कशाला जोडलेला असतो? एका कातड्याला. ज्या नमुन्यावरून जातीचं वर्णन केलं त्याला टाइप म्हणतात, आणि वाद झाला की सगळे त्याच्याकडे परत येतात. ह्यूम यांनी १८८५ साली आपला प्रचंड संग्रह, सुमारे ८२,००० नमुने, ब्रिटिश म्युझियमला दिला. कातड्याच्या पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी असते: कुठे, कधी, कोणी. चिठ्ठीविना कातडं म्हणजे पिसांचा बोळा. वनपिंगळ्याची पुढची सगळी हकिकत या चिठ्ठीभोवती फिरते.

एकोणिसाव्या शतकात या पक्ष्याचे जेमतेम सात नमुने मिळाले. त्यातले बरेचसे जेम्स डेव्हिडसन यांचे. ते खानदेशात सनदी अधिकारी होते आणि तळोदा-शहादा भागात त्यांना वनपिंगळा मिळाला होता. शेवटचा नमुना १८८४ चा. त्यानंतर शांतता. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारखी माणसं शोधून थकली. पक्षी नामशेष झाला असावा असं बोललं जाऊ लागलं.

एकच आशेचा धागा होता. कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन यांच्या संग्रहात एक वनपिंगळा होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: मांडवी, गुजरात, १९१४. म्हणजे विसाव्या शतकात पक्षी जिवंत होता, आणि शोधायचा तर तापीकाठच्या मांडवीकडे, असा तिचा सरळ अर्थ. माइनर्टझहागेन हे लष्करी गुप्तहेर, शिकारी आणि पक्षिशास्त्रातले बडे प्रस्थ. त्यांच्या चिठ्ठीवर अविश्वास कोण दाखवणार?

दाखवला तो ॲलन नॉक्स यांनी, १९९३ साली, रेडपोल नावाच्या दुसऱ्याच पक्ष्याच्या नमुन्यांवरून. कर्नलसाहेब म्युझियममधली जुनी कातडी उचलून त्यांना आपल्या चिठ्ठ्या बांधत, असा संशय बळावला. त्याच सुमारास स्मिथसोनियनमध्ये पामेला रासमुसेन दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या ग्रंथावर काम करत होत्या. त्यांनी आणि नायजेल कॉलर यांनी मांडवीचा पिंगळा तपासायला घेतला. प्रत्येक जमवणाऱ्याची कातडं भरण्याची ढब वेगळी असते. टाका कुठे घालतो, कापूस किती भरतो, पंख कसे मिटवतो. हे कातडं मुळात डेव्हिडसन यांच्या ढबीचं निघालं. कोणीतरी ते ओलं करून उसवलं होतं, नव्याने भरून शिवलं होतं आणि नवी चिठ्ठी लावली होती. म्युझियममधून चोरलेला डेव्हिडसन यांचाच पक्षी! १९१४ नाही, मांडवीही नाही. ‘आयबिस’ या नियतकालिकात १९९९ साली हे सविस्तर छापून आलं.

मला या सगळ्यात चोरीपेक्षा तिच्या परिणामाचा राग येतो. माणसाने एक नमुना ढापला, ठीक. पण खोट्या पत्त्यामुळे पक्षी शोधणारे चुकीच्या दिशेला बघत राहिले. चिठ्ठी खोटी ठरली तशी जागा मोकळी झाली. मग खऱ्या चिठ्ठ्या घेऊन रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट निघाले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पालथ्या घातल्या, हाती काही लागलं नाही. मग खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला एका उघड्या फांदीवर तो बसलेला होता. डोक्यावर ठिपके नाहीत, छातीवर पट्टा, पाय पांढरे. एकशे तेरा वर्षांनी. त्यांनी फोटो काढले, चित्रफीत घेतली. कातडं काढायची गरज पडली नाही.

जिवंत पक्षी हाती आल्यावर नावाचा जुना वाद पुन्हा तोंड वर काढणार हे उघड होतं. हाडं बघा, नख्या बघा, वागणं बघा, म्हणत रासमुसेन यांनी ह्यूम यांची हेटेरोग्लॉक्स परत आणली आणि काही वर्षं अनेक पुस्तकांत तेच नाव होतं. कंस गेला. २०१८ साली पंकज कोपर्डे, प्राची मेहता, उमा रामकृष्णन, व्ही. व्ही. रॉबिन आदी अभ्यासकांनी ‘प्लॉस वन’मध्ये डीएनएचा निकाल मांडला. वनपिंगळा अथेनेच्या वंशवृक्षात बाहेरच्या कडेला नाही, फांद्यांच्या आतच बसतो. आता प्रजाती म्हणजे एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज, असा आजचा आग्रह आहे. त्या हिशेबाने भावंडांच्या रांगेतून मधल्याच भावाचं आडनाव बदलता येत नाही. कंस परत आला.

तरीही ह्यूम यांची नजर चुकली असं मी म्हणणार नाही. जड पाय, मोठ्या नख्या, दिवसाची शिकार हे वेगळेपण खरंच आहे. ते याच घराण्यात, याच जंगलात घडलं, इतकंच. रूप वेगळं म्हणून वंश वेगळा, ही समजूत पक्षिशास्त्राने अनेक वेळा बाळगली आणि सोडली आहे.

१८८४ नंतर एकशे तेरा वर्षं कोणाला न सापडलेल्या या पक्ष्याच्या नोंदी १९९७ नंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशातलं खकनार, गुजरातचं डांग अशा वाढत गेल्या. २०१४ साली तर मुंबईपासून काही तासांवरच्या तानसा अभयारण्यात तो दिसला. आययूसीएनने २०१८ साली त्याला ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ वर्गात घेतलं. सागाचं जंगल मात्र त्याच वेगाने कमी होत आहे, तेव्हा ही बढती फार आनंदाने साजरी करावी अशी नाही.

पुढच्या भागात गव्हाणी घुबड. भारतातल्या गव्हाणी घुबडाला टायटो अल्बा म्हणायचं की टायटो जावानिका, यावर याद्या करणाऱ्यांचं बरीच वर्षं एकमत होत नव्हतं.