गळ्यातली नळी अडली तर...

घशाच्या कॅन्सरचे, डोक्याला मार लागलेले किंवा बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेले काही पेशंट मोठ्या हॉस्पिटलमधून घरी येतात, तेव्हा त्यांच्या गळ्यात नळी असते. कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला भोक पाडून ही नळी बसवतात. या ऑपरेशनला 'ट्रॅकिऑस्टॉमी' म्हणतात. घरच्या मंडळींनी पहिल्याच दिवशी मनाशी पक्के करावे की, या माणसाचे नाक आता गळ्यावर आहे.

ही साधी गोष्ट ऐन वेळी विसरली जाते. माझ्या माहितीतील एका घरी रात्री आजोबांना धाप लागली. मुलाने घरचा ऑक्सिजन सुरू करून मास्क तोंडावर धरला, पण फरक पडेना. सूनबाईंना हॉस्पिटलमधील सिस्टरांनी शिकवलेले आठवले. त्यांनी आतली नळी काढली, तर ती वाळलेल्या कफाने पार बुजलेली! दोन मिनिटांत आजोबांचा श्वास मोकळा झाला.

धोका कसा ओळखावा? श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येतो. छातीच्या फासळ्यांमधील भाग आत ओढला जातो. पेशंट बेचैन होतो, घामाघूम होतो. नळीपुढे हात धरला तर हवा लागत नाही. ओठ व नखे निळी पडली, म्हणजे फार उशीर होत आहे. या पेशंटला बहुधा ओरडता येत नाही, म्हणून उशाशी घंटी ठेवावी.

काय करावे? एकाने ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. दुसऱ्याने पेशंटला उठवून बसवावे आणि पुढील क्रमाने जावे.

१) नळीवरचे टोपण, रुमाल, मफलर काढा.

२) एका हाताने बाहेरची नळी घट्ट धरा आणि आतली नळी फिरवून बाहेर ओढा. नळी दुहेरी असते ती याचसाठी. श्वास मोकळा झाला, तर धुतलेली किंवा जादा ठेवलेली आतली नळी बसवा. काही नळ्या एकेरी असतात. आपली कोणती, हे घरी येतानाच विचारून घ्या.

३) तरीही अडत असेल, तर सक्शन मशीनची मऊ नळी हलकेच आत घाला. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त ओढू नका. ती आत जातच नसेल तर जोर करू नका. नळी बुजली आहे असे समजा.

४) नळीला फुगा असेल तर त्यातील हवा सिरिंजने काढा. हवा नळीच्या बाजूने जाऊ शकते.

५) एवढे करूनही पेशंट निळा पडत असेल, तर फीत कापून बाहेरची नळीही काढावी लागते. बुजलेली नळी आत ठेवण्यापेक्षा मोकळे भोक बरे. हे डिस्चार्जपूर्वीच डॉक्टरांसमोर शिकून घ्यावे.

ऑक्सिजन कुठे द्यावा? गळ्यावर द्यावाच. साध्या ट्रॅकिऑस्टॉमीत तोंडावरही द्यावा, कारण वरची वाट थोडीफार उघडी असू शकते. पण ज्याचे स्वरयंत्र संपूर्ण काढले आहे, त्याच्या नाकातोंडाचा फुप्फुसांशी संबंधच उरलेला नसतो. त्याला तोंडावर मास्क लावणे म्हणजे बंद दारावर पाणी ओतणे. ब्रिटनमध्ये या दोन प्रकारांसाठी पलंगाच्या उशाशी हिरवी आणि लाल अशा वेगळ्या पाट्या लावण्याची पद्धत आहे. आपणही कार्डावर ऑपरेशनचा प्रकार, तारीख आणि नळीचा नंबर लिहून पलंगाला अडकवावा. अँब्युलन्समधील डॉक्टरांच्या हाती आधी ते कार्ड द्यावे.

नळी निसटून बाहेर आली तर घाबरून ती जबरदस्तीने कोंबू नये. ती त्वचेखाली भलतीकडे जाऊ शकते. भोक मोकळे ठेवून ऑक्सिजन द्यावा आणि हॉस्पिटल गाठावे. सक्शननंतर कफात रक्ताची एखादी रेघ दिसते, त्याचे भय नको. मात्र ताजे लालभडक रक्त आले, तर ते आपोआप थांबले तरी लगेच हॉस्पिटलात न्यावे. थोडे रक्त ही पुढच्या मोठ्या रक्तस्रावाची सूचना असू शकते.

रोजची काळजी. नाकातून जाणारी हवा ओलसर होते, गळ्यातून जाणारी कोरडीच राहते. म्हणून कफ वाळतो. गळ्यावर ओलसर गॉज ठेवावे, डॉक्टरांनी सांगितल्यास वाफ द्यावी. आतली नळी दिवसातून ठरल्या वेळा काढून धुवावी. फुगा फुगलेला असताना नळीला टोपण कधीही लावू नये. आंघोळीचे पाणी भोकात जाऊ देऊ नये.

नळीचा एक जादा संच, कात्री, फीत, सिरिंज आणि बॅटरी एका डब्यात भरून उशाशी ठेवा. आणि आतली नळी काढायला घरातील एकाने नव्हे, दोघांनी तरी शिका. कारण शिकलेला माणूस नेमका त्याच वेळी बाजारात गेलेला असतो.