वारेची सूज आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ

गोठ्यातली गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली आणि जार अडकली, तर जाणत्या शेतकऱ्याला लगेच शंका येते. ब्रुसेल्ला नावाचे जंतू जारेत शिरून ती सुजवतात आणि वासरू अवेळी पडते. बाईमाणसाच्या बाबतीतही बरेचसे असेच घडते. जंतू बहुधा दुसरे असतात, इतकेच.

पोटात बाळ पाणमोटेत असते आणि वारेतून त्याचे पोषण होते. योनिमार्गातले जंतू वर चढले म्हणजे पाणमोटेचे पडदे व वार सुजतात. मग अवेळी कळा सुरू होतात किंवा पाणमोट आधीच फुटते. सहाव्या-सातव्या महिन्यात जन्मणाऱ्या बाळांत हे कारण पुष्कळदा सापडते. आईला कित्येकदा तापही नसतो. वार सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच सूज कळते.

अशा बाळाचे वजन दीड किलोच्या आत, कधी किलोभरही नसते. फुफ्फुसे कच्ची असतात, त्यात सुजेची भर पडते. रक्तात जंतू पसरण्याचा, मेंदूत रक्तस्राव होण्याचा आणि पुढे हातपाय ताठ राहण्याचा धोका वाढतो. मात्र प्रत्येक बाळाला हे होतेच असे नाही. वेळेवर उपचार मिळालेली पुष्कळ बाळे चांगली वाढतात.

‘सातमाशी जगते, आठमाशी जगत नाही’ हा समज खोटा आहे. पोटात नीट वाढणाऱ्या बाळाला प्रत्येक जादा आठवडा बळ देतो. पण वारेत जंतू पसरले असतील, तर डॉक्टर प्रसूती लांबवत नाहीत.

या बाळांसाठी एक मोठा उपाय मेंढ्यांमुळे सापडला. न्यूझीलंडचे डॉ. लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. स्टिरॉइड दिल्यावर अवेळी जन्मलेली कोकरे अपेक्षेपेक्षा बरा श्वास घेऊ लागली. १९७२ साली त्यांनी व डॉ. हॉवी यांनी हेच इंजेक्शन गरोदर मातांना देऊन बाळांना होणारा फायदा दाखवून दिला. आज अवेळी कळा लागलेल्या मातेला ते देतात. त्याचा गुण यायला सुमारे एक दिवस लागतो. म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणून घरी थांबू नये.

भगिनींनो, दिवस भरण्याआधी अंगावरून पाणी गेले, त्याला घाण वास आला, ताप आला, ओटीपोट दुखू लागले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर ताबडतोब दवाखाना गाठा. घरी सुईणीकडून आतून तपासून घेऊ नका. १०२ किंवा १०८ क्रमांकावर गाडी मागवा. लघवीला जळजळ होत असेल तर लाजू नका, आशाताईंना सांगा. गरोदर बाईने गाभडलेल्या गाईची जार हाताळू नये. दूध उकळूनच प्यावे.

बाळ जन्मल्यावर डॉक्टर सांगतील तसे त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब द्यावी. आईचेच दूध पाजावे. महिन्याच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा, कारण अशा बाळांची दृष्टी जाऊ शकते.

आणि सासूबाईंनी, घरधन्यांनी एक ध्यानात ठेवावे. वार सुजली यात सुनेचा दोष नाही. तिला बोल लावण्यापेक्षा तिच्यासोबत दवाखान्यात बसावे.