टाकीपासून सुईपर्यंत

गणपतीच्या आदल्या आठवड्यात रत्नागिरीच्या गॅरेजांत एक ठरावीक गर्दी उसळते. मुंबईहून चाकरमानी येतो, बंद घर उघडतो, जळमटं काढतो आणि पडवीत गोणपाटाखाली झाकलेली वडिलांची मोटारसायकल बाहेर ओढतो. कधी ती जावा असते, कधी येझ्दी, कधी बुलेट, क्वचित राजदूत. पेट्रोलचा कॉक उघडतो, दोन किका मारतो आणि तिसऱ्या किकेआधीच पेट्रोलचा वास नाकात शिरतो. खाली बघावं तर इंजिनावरून धार लागलेली असते. मग गाडी ढकलत गॅरेजला आणतात आणि ठरलेलं वाक्य येतं, ‘‘चाचा, कार्बुरेटर ओव्हरफ्लो होतोय. साफ करून द्या.’’

या वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे, कारण त्या अर्ध्या सत्यापायी आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी चांगल्या गाड्यांचे मूळ कार्बुरेटर भंगारात गेले आहेत.

कार्बुरेटरच्या वाटीत पेट्रोल कसं थांबतं, हे समजायला घराच्या गच्चीवर जावं. पाण्याच्या टाकीत बॉल कॉक असतो. पाणी वर चढतं, चेंडू तरंगत वर येतो आणि नळाचं तोंड बंद करतो. कार्बुरेटरमध्ये चेंडूच्या जागी फ्लोट आणि नळाच्या जागी टोकदार सुई असते. सुई वरच्या पितळी बैठकीत घट्ट बसली की पेट्रोल थांबतं, इंजिनाने थोडं ओढलं की फ्लोट किंचित खाली येतो आणि सुई वाट मोकळी करते. 1893 मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाखने फवाऱ्याचा कार्बुरेटर बनवला, त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये बांकी आणि चोंका या दोघांनीही आपल्या कार्बुरेटरचं पेटंट मागितलं. तेव्हापासून सव्वाशे वर्षं ही युक्ती मुळात बदलली नाही. फ्लोट सुईला वर ढकलतो तो जोर फार थोडा असतो, काही ग्रॅमचा. म्हणून बैठकीवर डोळ्याला जेमतेम दिसणारा गंजाचा एक कण अडकला तरी सुई बसत नाही आणि कॉक उघडा असेपर्यंत टाकी त्या फटीतून रिती होत राहते.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत या युक्तीची रूपं वेगवेगळी दिसतात. 1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेटबरोबर इंग्लंडचा अमाल कार्बुरेटर इथे रुजला. अमाल हे नावच ‘अमाल्गमेटेड’वरून पडलेलं. 1927 च्या सुमारास तीन इंग्लिश कार्बुरेटर कंपन्या एक झाल्या, त्यातून ते आलं. त्याच्या मोनोब्लॉक प्रकारात फ्लोट मुख्य अंगातच बाजूच्या झाकणामागे आडवा बसतो आणि सुई नायलॉनची असते. पुढच्या बुलेटला मिककार्बचा व्हीएम 24 आला, यामाहा आरएक्स 100 ला मिकुनीचा व्हीएम 20. इराणींच्या म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने 1961 पासून चेक रचनेची जावा बनवली, 1973 पासून तिला येझ्दी हे नाव दिलं, आणि 1996 मध्ये तो बंद पडला. या गाड्यांना यिकॉव्ह कार्बुरेटर. गॅरेजात त्याला कुणी ‘जिकोव’ म्हणतं, कुणी नुसतं ‘जावाचा कार्बुरेटर’. जुन्या जावात तो झाकणाखाली दडलेला असतो, त्यामुळे गळती डोळ्याला उशिरा दिसते, नाकाला आधी कळते.

यिकॉव्ह आणि जुन्या अमालवर एक छोटी दांडी असते, टिकलर. ती दाबली की फ्लोट खाली जातो, वाटी मुद्दाम काठोकाठ भरते आणि थंड इंजिनाला सुरुवातीचं दाट मिश्रण मिळतं. म्हणजे या गाड्यांना थोडंसं ओव्हरफ्लो करणं ही चालवण्याची रीतच आहे. माझ्या वडिलांची येझ्दी रोज सकाळी टिकलरवर एक थेंब दिसेपर्यंत दाबून सुरू व्हायची. अगदी एकच थेंब. दुसरा आला तर ते थांबून कॉक बंद करायचे. त्या थेंबाकडे बघायची त्यांची एकाग्रता मला अजून आठवते. घराण्याची रीत म्हणून मी ती पाळत राहिलो, तिचं कारण बऱ्याच वर्षांनी कळलं.

आता रत्नागिरीच्या हवेकडे येऊ, कारण दोषाचं मूळ तिथे आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. मांडवी, भाट्ये, मिरकरवाड्याकडून येणारा वारा मीठ घेऊन येतो. चार महिने उभ्या असलेल्या गाडीची टाकी अर्धी रिकामी असली, की दिवसाच्या उष्णतेने आणि रात्रीच्या गारव्याने तिच्या आत ओली हवा ये-जा करते. वरच्या कोरड्या पत्र्यावर दव धरतं, गंज सुटतो. गंजाची पूड तळाशी जाते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, तेही तळाशी जातं. कॉक तळाशीच असतो. पहिली किक मारायच्या आधीच हा सगळा गाळ नळीतून खाली उतरून सुईच्या बैठकीपाशी पोहोचलेला असतो. शिवाय कार्बुरेटरचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं. पाण्याने त्यावर पांढरी पूड धरते आणि ती जेटची, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या नळीची, भोकं बुजवते.

टू-स्ट्रोक गाड्यांत आणखी एक भर पडते. जावा-येझ्दीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. वाटीतलं पेट्रोल महिनाभरात उडून जातं, ऑइल मागे राहतं आणि सुई त्या चिकट थरात रुतून बसते, कधी बंद अवस्थेत तर कधी उघड्या. आरएक्स 100 मध्ये ऑइलचा पंप वेगळा, त्यामुळे तिला हा त्रास नाही. बुलेटला त्रास वेगळा. एकाच मोठ्या सिलिंडरची थरथर सुईच्या टोकाला वर्षानुवर्षं झिजवते, आणि अंबा घाट चढून-उतरून कोल्हापूरला नियमाने जाणाऱ्या बुलेटच्या सुईवर नखाला लागेल असं कडं पडलेलं मी पाहिलं आहे.

म्हणूनच ‘कार्बुरेटर साफ करून द्या’ हे काम अपुरं आहे. साफ केलेला कार्बुरेटर गंजक्या टाकीखाली बसवला की गाडी हातखंब्यापर्यंत नीट जाते आणि पालीला पुन्हा वास मारते. माझं असंच झालं. एका वर्षात तीनदा मी कार्बुरेटर उघडून घेतला, चौथ्या वेळी नवा नकली कार्बुरेटर बसवायच्या बेतात होतो. ज्या वयस्क मेस्त्रींकडे गेलो, त्यांनी कार्बुरेटरला हातही लावला नाही. पेट्रोलची नळी काढून तिचं टोक पांढऱ्या काचेच्या बरणीत सोडलं, कॉक उघडला आणि बरणी उन्हात धरली. तळाशी तांबूस गाळ आणि दोन-तीन पाण्याचे मणी लोळत होते. ‘‘भाऊ, हे आधी थांबवा,’’ एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मी हाच क्रम धरला आहे. सर्वांत आधी कॉक. नळी काढून, कॉक बंद करून, खाली बरणी ठेवून रात्र काढावी. बंद कॉकातूनही थेंब पडत असेल तर आतली पॅकिंग गेली. सुई पाझरत असेल तर असा कॉक रात्रभरात आख्खी टाकी इंजिनात उतरवू शकतो. फोर-स्ट्रोक गाडीत हे पेट्रोल सिलिंडरातून खाली ऑइलमध्ये जातं. म्हणून बुलेट ओव्हरफ्लो झाली असेल तर किक मारण्याआधी ऑइलची पातळी बघावी, वास घ्यावा. पातळी चढलेली असेल किंवा पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नये, पातळ झालेलं ऑइल बेअरिंगना वाचवत नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल क्रँककेसमध्ये साठतं. प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून किका मारल्या की ते फवाऱ्यासारखं बाहेर येतं. हे काम अंगणात करावं. पडवीत देवघराची समई तेवत असते आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत जाते.

मग टाकी. गंज हलका असेल तर लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून टाकीत एक-दोन दिवस ठेवावं, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवावं आणि ताबडतोब वाळवावं. इथल्या हवेत ओला, उघडा पत्रा तासाभरात पुन्हा तांबडा होतो, म्हणून वाळल्यावर लगेच आतून ऑइल फिरवावं. कॉकाची जाळी बदलावी. हे सगळं झाल्यावरच कार्बुरेटर खोलावा.

वाटी उघडली की पहिल्यांदा फ्लोट कानाशी धरून हलवावा. पितळी फ्लोटमध्ये खळखळ ऐकू आली तर त्याला सुईच्या टोकाएवढं भोक आहे. गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे येतात. डाग देण्याआधी आतलं पेट्रोल पूर्ण निघालंच पाहिजे, नाहीतर तापलेल्या सोल्डरिंगखाली फ्लोट फुटतो. डागही नखाएवढाच हवा, शिशाच्या वजनाने फ्लोट जड झाला तर पातळी चढते आणि आपण पुन्हा मूळ जागी येतो. त्यानंतर सुई. टोकावर कडं दिसलं तर सुई आणि बैठक दोन्ही जोडीने बदलावी, एकटी सुई जुन्या बैठकीत नीट बसत नाही. कडं नसेल तर पितळ चकाकवायच्या मलमात कापूस बुडवून बैठक हलक्या हाताने फिरवून घ्यावी. जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठं झालं की ते परत लहान होत नाही. वाटीचे स्क्रू जोर लावून आवळू नयेत, जस्ताचे आटे एकदाच माफ करतात.

शेवटचं काम पातळीचं, आणि बहुतेक जण इथेच कंटाळतात. ज्या कार्बुरेटरच्या वाटीला तळाशी निचऱ्याचं भोक असतं, त्याला पारदर्शक नळी जोडून ती वाटीच्या बाजूने वर धरावी आणि कॉक उघडावा. नळीतलं पेट्रोल जिथे स्थिरावतं तीच वाटीतली पातळी. ती सांध्याच्या रेषेच्या थोडी खाली राहिली पाहिजे. हे बघताना गाडी मुख्य स्टँडवर सरळ उभी हवी. बाजूच्या स्टँडवर कललेल्या गाडीत पातळीही कलते, आणि कित्येक ‘ओव्हरफ्लो’ गाड्या नुसत्या सरळ उभ्या केल्यावर बऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

इंधनही बदललं आहे आणि त्यात घाटावरच्या आपल्या शेजाऱ्याचा, उसाच्या भागाचा, वाटा आहे. 2001 मध्ये इथेनॉल मिसळायचे पहिले प्रयोग झाले त्यांत मिरज आणि मनमाड ही महाराष्ट्रातली दोन ठिकाणं होती. 2003 मध्ये काही राज्यांत पाच टक्के, 2022 मध्ये दहा टक्के, आणि 2025 पर्यंत वीस टक्के. उसाच्या भागाला त्याने आधार मिळाला, ते मला पटतं. पण जुन्या गाडीच्या मालकाने त्याची रीत समजून घ्यायला हवी. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि एका मर्यादेनंतर पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, म्हणजे पुन्हा कॉकापाशी. कॉकातलं जुनं बूच आणि रबर त्याने कडक किंवा मऊ पडतं. ई-20 पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा किंचित जड असल्यामुळे फ्लोट तसूभर वर तरंगतो आणि पातळी उलट थोडी उतरते. गाडी तेव्हा ओव्हरफ्लो न होता कोरडी, ‘लीन’ चालते. ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांची सरमिसळ करून मेन जेट मोठा बसवणारे बरेच भेटतात. पूर्वी मी पावसाळ्याआधी टाकी काठोकाठ भरायला सांगायचो. आता सांगतो, चार महिने गाडी फिरणार नसेल तर टाकी आणि वाटी दोन्ही रिकाम्या करा आणि आतून ऑइल लावा.

एप्रिल 2020 मध्ये भारत स्टेज सहाचे नियम आले आणि नव्या दुचाकींतून कार्बुरेटर जवळजवळ गेला, त्याच्या जागी इंजेक्शन आलं. हाताने वाटी उघडणारी पिढी आता गॅरेजांत पन्नाशीपुढची आहे. दुसरीकडे 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली, ‘व्हीए’ अक्षरांची. ती रोजच्या वापरासाठी नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरती. नियमात ‘मूळ रूप’ हा शब्द आहे, आणि माझ्या मते मूळ रूपात त्या गाडीचा कार्बुरेटरही आला. म्हणून वाडवडिलांनी जपलेल्या गाडीवर दुसऱ्या गाडीचा कार्बुरेटर बसवण्याआधी एकदा बरणी उन्हात धरून बघावी असं मला मनापासून वाटतं.

माझ्या येझ्दीची टाकी साफ व्हायला चार दिवस लागले. सुई आणि बैठकीची जोडी पुण्याहून मागवली. मूळ फ्लोट टिकला, त्याला डाग द्यावा लागला नाही. रात्री गाडी मुख्य स्टँडवर उभी करून, इंजिनाखाली कालचं वर्तमानपत्र पसरून मी कॉक मुद्दाम उघडा ठेवला. सकाळी कागद कोरडा होता. टिकलर दाबला, एक थेंब आला, आणि दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली.