दाब : एक की दोन?

वायूचा दाब म्हणजे एक संख्या, हे पाठ्यपुस्तकी विधान एका गृहीतावर उभे आहे : कणांच्या टकरी इतक्या वारंवार होतात की दिशादिशांतील भेद उरत नाही. टोकामाकमधील तप्त प्लाझ्मात टकरी विरळ असतात. चुंबकीय क्षेत्र कणाला क्षेत्ररेषेभोवती फिरत ठेवते. रेषेच्या दिशेने मात्र त्याला मोकळीक असते. म्हणून समांतर दाब व लंब दाब यांचा निराळा विचार करावा लागतो. च्यू, गोल्डबर्गर व लो यांनी १९५६ मध्ये या दोहोंसाठी स्वतंत्र समीकरणे मांडली.

हा भेद बहुधा तापविण्याच्या पद्धतीतून उपजतो. क्षेत्राच्या दिशेने उदासीन कणांचा झोत सोडला की समांतर दाब वाढतो. आयनांच्या परिभ्रमणाशी जुळणाऱ्या रेडिओलहरी लंब दाब वाढवितात. समांतर दाब फारच वरचढ झाला, तर रेषेच्या वळणावर कणांचा केंद्रोत्सारी रेटा तिच्या ताणावर मात करतो आणि रेषा आगीच्या बंबाच्या सुटलेल्या नळीसारखी वळवळू लागते. नेहमीच्या टोकामाकमध्ये ही धास्ती अनाठायी होय. तेथे प्लाझ्माचा दाब चुंबकीय दाबाच्या काही टक्केच असतो.

खरा घोटाळा ‘दाब’ या शब्दाच्या एकवचनाने होतो. मापनांवरून समतोल काढताना एकच दाब धरला, तरी गणित जुळल्यासारखे दिसते; परंतु विद्युत्प्रवाहाची वाटणी चुकीची निघू शकते, आणि स्थैर्याचा अंदाज तिच्यावरही विसंबतो. कल्हॅम येथील ‘स्टार्ट’ या गोलाभ टोकामाकमध्ये १९९८ पर्यंत दाबांचे हे गुणोत्तर सुमारे ४० टक्क्यांवर गेले होते. क्षेत्र दुबळे आणि झोत जोरदार अशा यंत्रांत हा भेद उपेक्षिता येत नाही.