टक्कल आणि घरगुती तेले

टक्कल हा विषय निघाला की आपल्याकडे आधी हसू येते आणि मागाहून तेलाची बाटली येते. ज्याचे केस जात असतात त्याला मात्र हसू येत नाही. वय पंचविशीचे, लग्न ठरायचे, आणि कपाळ दर वर्षी वर चढत असते. असा तरुण माका, जास्वंद, वडाच्या पारंब्या, कांद्याचा रस असे एकेक करून पाहतो. यांत तथ्य किती, हे आम्ही आज सांगणार आहोत.

केस गळणे हा एकच रोग नव्हे. वाग्भटाने अष्टांगहृदयात इंद्रलुप्त आणि खलती अशी दोन नावे देऊन म्हटले आहे की, दोहोंची उत्पत्ती सारखी, पण खलतीत केस क्रमाक्रमाने जातात. आजचे शास्त्रही असाच भेद करते. चाई पडते तेव्हा शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते. नाण्याएवढा चट्टा पडतो आणि पुष्कळदा आपोआप भरूनही येतो. विषमज्वरासारख्या मोठ्या दुखण्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात, तेही बहुधा सहा महिन्यांत परत येतात. तिसरा प्रकार नेहमीच्या पुरुषी टकलाचा. आनुवंशिकता आणि पुरुषी संप्रेरक यांमुळे ते पडते, हे अमेरिकेतील हॅमिल्टन यांनी 1942 मध्ये दाखवले. यात मुळे लहान होत जातात आणि ती आपोआप सुधारत नाहीत.

तेलांच्या कीर्तीचे रहस्य येथेच आहे. तापातून उठलेला माणूस माक्याचे तेल लावू लागतो, केस येतात, आणि ती बाटली गल्लीभर प्रसिद्ध होते. केस तेलाविनाही आलेच असते! जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड अशा गावांत लोकांचे केस थोड्या दिवसांत गळून पडले. तेथे कारण शोधावे लागले ते अन्नपाण्यात, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. पुढे अनेकांचे केस पुन्हा उगवले. अशा वेळी हाती जे तेल असेल त्याला श्रेय मिळते.

मग ही औषधे निरुपयोगी आहेत काय? तसेही नाही. कांद्याच्या रसाचा गुण 2002 साली बगदादच्या वैद्यांना दिसला, पण तो चाईवर. खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांचा ऱ्हास कमी होतो, हे मुंबईच्या रेले व मोहिले यांनी 2003 मध्ये दाखवले. म्हणजे उगवलेला केस जपला जातो, नवा उगवत नाही. माक्याने उंदरांवर केस वाढलेले दिसले, पण उंदराला पुरुषी टक्कल पडत नाही. नुसत्या तेलाने केस टिकते, तर आपल्या कोल्हापुरातल्या तालमींत एकाही वस्तादाला टक्कल नसते.

तरीही ज्यांना प्रयोग करायचाच आहे त्यांनी तो नीट करावा. एका वेळी एकच औषध घ्यावे. दरमहा त्याच जागी, त्याच उजेडात छायाचित्र काढावे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून निकाल सहा महिन्यांनी पाहावा. जुन्या ग्रंथांत गुंजेचा लेप आहे, परंतु गुंज विषारी असते. आणि बिब्ब्याने कातडी भाजते. भाजून व्रण पडला तर तेथील मुळे कायमची जातात. म्हणून जहाल द्रव्ये वैद्यांच्या सल्ल्याविना डोक्याला लावू नयेत.

पुरुषी टकलावर मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड ही औषधे परीक्षेला उतरलेली आहेत. पण ती चालू आहेत तोवरच गुण टिकतो, आणि ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. घरच्या मोठ्या माणसांनी एवढे करावे, मुलाच्या हाती बाटली देण्यापूर्वी त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे नेऊन हे केस कोणत्या प्रकाराने जात आहेत ते विचारावे. उत्तर टकलाचे आले, तर उपचार करणे वा न करणे हा त्या मुलाचा प्रश्न आहे. त्याला हसण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाही.