धावेची किंमत

शिवडीला आमच्या चाळीत दिवाळीच्या सुट्टीत मुलांचे टेनिस बॉलचे सामने होतात. मराठीचा प्राध्यापक म्हणजे निःपक्षपाती माणूस, अशी कोणाची तरी समजूत झाल्यामुळे गेल्या वर्षी उत्तम फलंदाज ठरवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. मी वही उघडली, बेरजा केल्या आणि ज्याच्या धावा सर्वांत जास्त, त्याच्या हाती बॅट देऊन मोकळा झालो. वही लिहिणारे काका, जुने गिरणी कामगार, तेवढे हळूच म्हणाले, "सर, बेरीज बरोबर आहे; पण बक्षीस चुकलं."

त्यांच्या मते बॅट दुसऱ्याच मुलाला मिळायला हवी होती. अंतिम सामन्यात त्याने शेवटच्या गड्याला सांभाळीत 11 धावा काढून सामना जिंकून दिला होता. "धाव ती धाव!" मी म्हणालो. काकांनी विचारले, "वानखेडेवरचा हरियाणाचा सामना विसरलात?"

कोण विसरेल? 1991 च्या मे महिन्यातला तो रणजी करंडकाचा अंतिम सामना. हरियाणाच्या 522, मुंबईच्या 410. सामना अनिर्णित राहिला असता, तर पहिल्या डावातील आघाडीवर करंडक हरियाणाचाच. म्हणजे शेवटच्या दिवशी नुसते टिकून मुंबईला काहीच मिळणार नव्हते. हव्या होत्या 355 धावा. 3 बाद 34 अशी अवस्था झाली. मग अठरा वर्षांच्या तेंडुलकरने 96 धावांची आतषबाजी केली. नववा गडी पडला तेव्हा 50 धावा उरल्या होत्या. वेंगसरकरच्या जोडीला अबी कुरुविला आला आणि या अखेरच्या जोडीने 47 धावा जोडल्या. त्यांत कुरुविलाचा स्वतःचा वाटा अगदी थोडा. वर्षाच्या सरासरीत तो कोण शोधणार? तो धावचीत झाला आणि मुंबई 2 धावांनी हरली. 139 वर नाबाद राहिलेल्या वेंगसरकरला मैदानातच रडू कोसळले.

काकांचे हे गणित मला पुढे एका निराळ्याच खेळात भेटले. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये तीन गडी बाद झाले की डाव संपतो, आणि धाव पुरी व्हायला वाटेतले तीन तळ ओलांडून परत घरी यावे लागते. कोणते तळ भरलेले, कोणते रिकामे, याच्या आठ तऱ्हा. बाद गडी शून्य, एक किंवा दोन. एकूण 24 परिस्थिती. जॉर्ज लिंडसे नावाच्या कॅनडाच्या संशोधकाने शेकडो सामन्यांच्या नोंदींवरून प्रत्येक परिस्थितीत पुढे सरासरी किती धावा होतात, ते 1963 मध्ये मांडले. नोंदी ठेवल्या होत्या त्याच्या वडिलांनी! आता फटक्याची किंमत काढता येते: फटक्याआधीची अपेक्षा, फटक्यानंतरची अपेक्षा आणि पदरात पडलेल्या धावा, यांचा हिशेब. तळ रिकामे असताना मारलेला फटका आणि तिन्ही भरलेले असताना मारलेला तोच फटका, यांचे मोल एक नाही. क्रिकेटमध्ये 1997 पासून पावसाच्या सामन्यांत आलेला डकवर्थ-लुईसचा नियमही याच जातीचा. शिल्लक षटके आणि शिल्लक गडी, दोन्ही एकत्र तोलायचे. आमची सौ. म्हणते, महिनाअखेरच्या दहा रुपयांसाठी एवढे संशोधन कशाला?

हे सारे मी काकांना सांगितले. त्यांनी वहीत पट्टीने दोन नवे रकाने आखले : 'किती हव्यात' आणि 'किती गडी उरले'.

यंदाची नावे घेणे सुरू झाले आहे. त्या मुलाने अजून नाव दिलेले नाही. क्लास आहे, म्हणतो. आज संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर जाणार आहे.